दिलीपनं नवा मेल कधी लिहिलाच नाही

मंगलचा फोन आला तेव्हा मी वाटूरला अंगणात ज्वारी निवडत बसले होते. मंगल म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, दिलीपची बायको. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही. "अक्का, हे उठून न्हाई राह्यले," एवढंच म्हणाली. मी तिच्यावरच खेकसले, "अगं हलव त्याला, झोपला असंल!" मांडीवरचं सूप तसंच राहिलं. तसं पाहिलं तर हे येणार हे आम्हाला माहीत होतं. मोठ्या डॉक्टरांनी कधीच हात टेकले होते. पण माहीत असणं वेगळं आणि फोन येणं वेगळं. ज्याला मी कडेवर घेऊन कुंभार पिंपळगावच्या बाजारात हिंडवलं, तो माझ्या आधी जातो म्हणजे काय? काही आठवडे होऊन गेले तरी त्याचा राग माझ्या मनातून जात नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची रीत आहे, मला ते फारसं जमणार नाही. जन्मभर मी शाळेत पोरांवर ओरडले आणि घरी दिलीपवर.

दिलीप नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायचा. गावोगावचे डीलर, ट्रान्सपोर्टवाले, परराज्यातले व्यापारी, सगळ्यांशी बोलणं त्याच्या टेबलावरून. ऑफिसात कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लांबून बघत होते, हा खुर्ची ओढून पुढं बसला. मेल करायला शिकला, पण आपल्या पद्धतीनं. नवा मेल कसा लिहायचा ते त्यानं कधी शिकूनच घेतलं नाही. कुणाला काही कळवायचं असलं की त्या माणसाचा जुना मेल शोधायचा, उघडायचा आणि त्यालाच उत्तर द्यायचं. पत्ता आपोआप येतो, मंग लिहून ठेवायची गरज काय, हे त्याचं शास्त्र. मी त्याला सगळ्यात पहिला मेल केला तो आईच्या चष्म्याच्या नंबराबद्दल. तेव्हापासून आमच्या प्रत्येक मेलच्या डोक्यावर एकच विषय, 'आईचा चष्मा'. त्याच्या पोरीचं, अश्विनीचं लग्न ठरलं, 'आईचा चष्मा'. माझं गुडघ्याचं ऑपरेशन, 'आईचा चष्मा'. आई गेली, चष्मा कुणी नेला तेही कळलं नाही, तरी विषय तोच!

एकदा मी चांगलंच झापलं त्याला. "अरे बाबा, आई जाऊन जमाना झाला, आता तरी ते वरचं बदल!" तर हसून म्हणतो कसा, "राहू दे ना अक्का. तू लिहिलंस की आईचं नाव दिसतंय. तुला काय तरास होऊन राह्यला?"

निवृत्त झाला तेव्हा ऑफिसनं जुना कॉम्प्युटर भंगारात काढला होता. दिलीपनं तो रीतसर मागून घरी आणला, कारण त्याचे सगळे मेल त्याच डब्यात होते. पुढं सकाळी चहा झाला की एखाद्या जुन्या डीलरला उत्तर, पेपर वाचून झाला की रायचूरच्या सलीमभाईंना. सलीमभाई पूर्वी त्याच ऑफिसात त्याच्या शेजारच्या टेबलावर होते, नंतर मुलाकडे रायचूरला गेले. दोघांचा सगळा मैत्रीचा कारभार 'बारदान्याबाबत' ह्या विषयाखाली चालायचा, कारण कधीकाळी पहिला मेल रिकाम्या पोत्यांचा होता. तब्येती, नातवंडं, रमजान, दिवाळी, सगळं बारदान्यात. मग दिलीपचं पोटाचं दुखणं निघालं, आणि नेमके त्याच दिवसांत मेल यायचे बंद झाले. एकही येईना. तो रोज मशीन लावायचा, बघायचा, बंद करायचा. मला एकदा म्हणाला, "आजारी माणसाला कोण लिहितंय अक्का? लोकायला कळलं असंल, हा काही आता ऱ्हात न्हाई." अगदी साध्या आवाजात म्हणाला.

मी त्याच्याकडं राहायला गेले तेव्हा शेजारी बसून बघितलं, हा करतो तरी काय. मेल मागवायचं बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजीत एक चौकट येत होती. हा पठ्ठ्या ती न वाचताच बंद करत होता! "अरे हे काय आहे?" "रोजच येतंय ते." मी चष्मा लावला, चौकट वाचली आणि पुण्याला अश्विनीला फोन लावला. ती बाळंत होऊन थोडेच दिवस झाले होते, तिला हलता येत नव्हतं. ती म्हणाली, "आत्या, बाबांचा तो प्रोग्रॅम फार जुना झालाय. मेलवाले आता त्याला दारातच उभं करत नाहीत. नवा प्रोग्रॅम टाकावा लागेल. पण थांब, घाई करू नकोस. तो जुना प्रोग्रॅम मेल उतरवून घेतो आणि मेलवाल्यांकडचे पुसून टाकतो. बाबांचे जुने मेल फक्त त्या मशीनमध्ये आहेत, दुसरीकडं कुठंच नाहीत."

हे ऐकलं आणि दिलीपनं हात झटकले. "नको मंग. आहे ते बराबर आहे. उडालं सगळं तर मी काय करू?" त्याची भीती खोटी नव्हती. अश्विनीनं सांगितल्याप्रमाणे मी पत्त्यांची वही उघडली, म्हणजे मशीनमधली, तर तिच्यात एकच नाव होतं. त्याचं स्वतःचं! जन्मभराची माणसं त्या जुन्या मेलांच्या डोक्यावर बसलेली. मेल गेले की माणसं गेली. आणि ते मशीनही कुरकुरत होतं, मधेच थिजायचं, आतून टकटक आवाज यायचा. ते तसंच ठेवलं तरी किती दिवस चाललं असतं? मी म्हटलं, "दिलीप, हे बंद पडलं ना, तर तू रडशील आणि मला तुझं रडणं ऐकावं लागंल. गुमान बस." तो बसला. मी शाळेतल्या पोरांना दटावायचे त्या सुरात बोलले की तो ऐकायचा, आजारपणात तर फारच.

मग दुपारभर आम्ही दोघं त्या मशीनपुढं. फोन मोठ्या आवाजावर, तिकडून अश्विनी सांगते, मधेच तिचं बाळ रडतं, इकडं मी एका बोटानं दाबते. आधी जुन्याची नक्कल पेन ड्राइव्हवर, मग नव्यात भरायचं, आणि नव्यात नीट दिसेपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही, असा तिचा हुकूम होता. मशीन इतकं मंद की सगळं एका दमात घेईना. आलेले मेल एका कप्प्यात, पाठवलेले दुसऱ्यात. मी म्हटलं, आधी तुझे घेऊ, तू लिहिलेले. तर बिलकुल ऐकेना. "माझं मला ठाऊक हाय काय लिहिलं ते. त्यायचं घे आधी." "अरे पण तुझं पण..." "अक्का, त्यायचं घे." घेतले. नावं सरकत होती तसा तो सांगत होता, हा परतूरचा, मोठा तापट, पण पोरीच्या लग्नाला मला मानानं पुढं बसवलं. हा गेला बिचारा, ह्याचंही राहू दे. संध्याकाळी सगळे आलेले उतरले. पाठवलेले सकाळी घेऊ म्हणून उठलो, आणि सकाळी मशीन लागलंच नाही. स्टेशन रोडचा दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. काका, ह्यात आता जीव न्हाई, म्हणाला. मी दिलीपवर भडकले. तो मात्र शांत. म्हणाला, "त्यायचं आलं ना? बस झालं मंग."

अश्विनीनं धाडलेल्या लॅपटॉपवर जुने मेल भरले. मग तिनं सांगितलं तसं मी नव्या प्रोग्रॅममध्ये त्याचा पासवर्ड घातला आणि काय सांगू... धडाधड मेल यायला लागले! इतक्या दिवसांचे दाराबाहेर ताटकळलेले. दिलीपभाऊ, तब्येत कशी आहे? दिलीपराव, फोन लागत नाही, कळवा. सलीमभाईंचे तर एकापाठोपाठ एक. दिलीप पडद्याकडं बघतच राहिला. मग माझा हात धरला आणि म्हणाला, "अक्का, लोकं लिहून राह्यले होते गं!" त्याच्या डोळ्यांतून पाणी, मंगल दारात पदर तोंडाशी लावून उभी. त्या दिवशी तो वरण-भात पोटभर जेवला. पुढं चार-दोन दिवस त्यानं लोकांना उत्तरं लिहिली, थोडी थोडी, दम लागेल तशी. मग बोटं थकली. मी वाटूरला परत आले, आणि पुढचा फोन मंगलचा.

तेरावं झालं, पाहुणे गेले. एक दिवस मंगल लॅपटॉप घेऊन माझ्याकडं आली. "अक्का, ह्यायनं लिहिलेलं काही असंल तर वाचून दाखवता का? काहीही चालंल. मला त्यायचं बोलणं ऐकू येईना झालं." मी शोधलं. ती शेवटची उत्तरं सोडली तर त्याचा कप्पा रिकामा. बाकी सगळे दुसऱ्यांचे मेल, ढिगानं, आणि त्यात दिलीप कुठंच नाही! मला असा संताप आला... म्हटलं, बघ, जन्मभर दुसऱ्यांचं आधी, दुसऱ्यांचं आधी, आणि बायकोला ठेवलं काय? मंगलसाठी म्हणून मी परतूरच्या त्या तापट डीलरचा एक मेल उघडला, आणि रागारागात खाली सरकवत गेले. डीलरच्या चार ओळी संपल्या. खाली दिलीप होता. अहो, खरंच! ह्यानं ज्याला उत्तर लिहिलं, त्या माणसानंही ह्याच्याच मेलला उत्तर दिलेलं, आणि उत्तराखाली मागचं सगळं तसंच लटकलेलं. आणखी खाली गेलं की आणखी जुना दिलीप. 'मंगलनं आज आंबाडीची भाजी केली होती, तुमची आठवण काढली.' 'आमची अक्का आली आहे, घरात आता तिचंच राज्य.' मी वाचत होते, मंगल हसत होती, रडत होती, आणि "थांबा अक्का, परत वाचा" म्हणत होती. लॅपटॉप ती माझ्याकडंच ठेवून गेली, आणि आता रोज फोन करते. वरचं सोडा, खालचं वाचा, म्हणते.

परवा तिच्याकडं गेले होते. बरोबर नेलेला लॅपटॉप उघडला तर सलीमभाईंचा नवा मेल येऊन पडलेला. 'बारदान्याबाबत'. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कुणाकडं त्यांचा नंबर नव्हता. लिहिलं होतं, "दिलीपभाई, आँख का ऑपरेशन हुआ, इसलिए देर हुई. आप तो बिलकुल चुप हो गए. तबियत का जल्दी लिखना." कळवायला तर पाहिजे. मी नवा मेल उघडला, बंद केला, आणि त्यांच्याच मेलला उत्तर द्यायला घेतलं. मंगल घाबरून म्हणाली, "अक्का, खालचं पुसू नका." नाही पुसलं. डोळ्यांना धार लागली होती, अक्षरं नीट दिसत नव्हती. वरच्या मोकळ्या जागेत कसंबसं लिहिलं, सलीमभाई, मी अक्का. दिलीप गेला. त्याच्याखाली सलीमभाईंच्या ओळी, आणि त्यांच्याखाली आमचा दिलीप, 'सलीमभाई, मशीन बदललं, तुमचं जुनं सगळं शाबूत आहे. माझी तब्येत बराबर. अक्का बाजूला बसून हुकूम सोडत आहे, म्हणून आज थोडक्यात. सावकाश मोठं लिहितो.'