अठ्ठावीस वाट्या पाणी

बेळगुंदीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी साठ-सत्तर उंबऱ्यांची एक वाडी होती. त्या वाडीत घड्याळ कुणाकडे नव्हतं. होती ती तांब्याची एक वाटी, तळाला बारीक भोक पाडलेली, आणि ती मनुबाईच्या हातात होती.

वाडीच्या माथ्यावर ओढ्याला बांध घालून तळं केलेलं होतं. शिमग्यापासून मिरगापर्यंत, ओढ्याची धार करंगळीएवढी झाली की रात्रभर तळ्यात पाणी साठवायचं आणि दिवस उगवताना ते पाटाला सोडायचं. त्या वेळी मनुबाई बांधाजवळच्या जांभळीखाली येऊन बसायची. पुढ्यात पाण्यानं भरलेलं घंगाळ. त्यात ती वाटी अलगद सोडायची. भोकातून पाणी चढत चढत वाटी भरायची आणि एकदम तळाला जायची. ती एक घटका. मनुबाई काशाच्या थाळीवर टोला द्यायची आणि वाटी उपसून पुन्हा सोडायची. पाटावर तिचा मुलगा रवळू खोरं घेऊन उभा असायचा. ज्याच्या वाट्या संपल्या त्याचं दार तो मातीनं बुजवायचा आणि पुढच्याचं फोडायचा. कुणाला दोन वाट्या, कुणाला तीन, कोणत्या वारी कुणाची पाळी, हे पणज्यांच्या काळी ठरलेलं होतं.

अठ्ठावीस वाट्या झाल्या की गावाचं पाणी संपलं. तिथून दिवस मावळेपर्यंत जे वाहील ते पाटकऱ्याचं. पाणी वाटणाऱ्याला दुसरी मजुरी नव्हती. त्या उरल्या पाण्यावर मनुबाई बांधाखालच्या तुकड्यात मेथी, कोथिंबीर, नवलकोल करायची आणि पाट बंद असेल त्या दिवशी पाटी डोक्यावर घेऊन बेळगावच्या बाजाराला जायची.

वाटी खरं तर तिच्या नवऱ्याची, भरमूची. आठ वर्षांपूर्वी तो तापानं गेला. जाताना त्यानं जमिनीचं, घराचं काही सांगितलं नाही. म्हणाला, "भोकात कीट बसू दिऊ नगं. भोक भरलं की वाटी उशिरा बुडत्या. एकाला जादा पाणी जातंय आणि लोक म्हणत्यात, पाटकऱ्यानं हात ओले केले."

मनुबाईनं ते गाठीला बांधलं. भरमू केरसुणीचा हीर घालून भोक साफ करायचा. तिला हिराचा भरवसा वाटेना. हीर मऊ, आत वाकतो. बाईच्या हाती पहिल्यांदाच वाटी आलेली, त्यात विधवा. लोक चुकीवर टपलेलेच असणार. म्हणून तिनं दाभण घेतला. रोज पहाटे चिंच आणि राखेनं वाटी लखलखीत घासायची, दाभण भोकात घालून एक पीळ द्यायची, उजेडाकडे धरून आरपार बघायची आणि मगच घराबाहेर पडायची.

तशीच एक जुळी वाटी रवळनाथाच्या गाभाऱ्यात होती. एकाच तांबटानं एकाच दिवशी दोन्ही घडवल्या होत्या. दसऱ्याला गुरव देवाची वाटी बाहेर आणायचा, पाटकरी आपली आणायचा आणि सगळ्या गावादेखत दोन्ही एका घंगाळात सोडायच्या. बरोबरीनं बुडाल्या की लोक भंडारा उधळायचे. भरमू गेल्यावरच्या दसऱ्याला मनुबाई वाटी पदराखाली घेऊन देवळाच्या पायरीशी उभी राहिली. यल्लाप्पा गुरव अवघडून म्हणाला, "मनुबाई, सणाचा दिस. देवाच्या भांड्याला तुजं भांडं कसं लावू?"

"रवळूच्या हातनं दिऊ?"

"भांडं तुज्याच हातचं न्हवं?"

आण्णाप्पा पाटील ओट्यावरून हसत म्हणाले, "सोड रं यल्लाप्पा. भरमूची वाटी हाय ती. तिला काय धाड भरलीया?"

तेव्हापासून आठ दसरे गेले. दोन्ही वाट्या पुन्हा शेजारी आल्या नाहीत.

मनुबाईच्या तुकड्यावर मात्र देवाची कृपा दिसू लागली. आधी दोन वाफे भिजायचे, मग तीन, मग चार. बायका म्हणायच्या, "आक्का, तुज्या मेथीला काय घालतीस?" ती म्हणायची, "मी काय घालतो? रवळनाथ घालतोय." आणि खरोखरच तिला तसं वाटायचं. खरं वागणाऱ्याला देव देतो, एवढं साधं गणित.

पहिली तक्रार शामूनं केली. शामूचं रान पाटाच्या शेवटाला, पाटलांच्या रानाला लागून. गुरुवारी त्याच्या तीन वाट्या, त्याच्यामागून पाटलांच्या दोन. पाटलांना विहीर होती. पाटाचं पाणी त्यांना मानापुरतं. शामूला पाटावाचून दुसरं काही नव्हतं. पाणी तिथवर पोचेपर्यंत अर्धी वाटी तापल्या मातीतच मुरायची.

"काकी," तो जांभळीखाली येऊन म्हणाला, "वाटी बिगी बिगी बुडत्या. माजं पयलं तीन वाफं भिजायचं, आता दोन बी न्हाय."

मनुबाईनं वाटी त्याच्यापुढे धरली. "बघ लेकरा. रोज घासतो. कीट न्हाय, काय न्हाय."

शामूनं वाटी फिरवून पाहिली आणि परत दिली. भोक म्हणजे भोक. ते आधी केवढं होतं हे कुणाच्या डोळ्यांत राहतं? पाटावर रवळूनं त्याची टर उडवली. "शामूअण्णा, समिंदर तुज्या रानात सोडला तरी तू म्हणशील, एक चूळ कमी पडली!" सगळे हसले. शामूही हसला, पण पुढच्या वर्षी पुन्हा आला, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. गावात त्याला 'तहानलेला' असं नावच पडलं.

एकोणीसशे छत्तीस साली वळीव आलाच नाही. चैत्र सरता सरता तळ्याचा तळ दिसू लागला. रवळूचं लग्न पिरनवाडीच्या मुलीशी ठरलं होतं, वैशाखातली तिथी होती. मनुबाई मनात लग्नाचे जिन्नस मोजायची, डोळा वाटीवर ठेवायची.

एका गुरुवारी शामूची तिसरी वाटी बुडाली. मनुबाईनं टोला दिला आणि पाटलांची वाटी सोडली. थोड्याच वेळात पाटाच्या शेवटाकडून आरडाओरडा ऐकू आला. आधी शामूचा आवाज: "हात लावू नगंस! माजा वाफा अजून भिजला न्हाय!" मग रवळूचा, चढा, चिडका. मग एक किंकाळी: "आई गं!"

ती किंकाळी तिनं ओळखली. कोणती आई ओळखणार नाही? ती अर्धी उठलीसुद्धा. पण वाटी निम्मी भरली होती. उठून गेलं तर बुडाल्याचं कळणार कसं? पाटलांना जास्त पाणी गेलं तर? तिला भरमूचे शब्द आठवले आणि ती पुन्हा बसली. घंगाळाचा काठ दोन्ही हातांनी धरून ती वाटी बुडायची वाट बघत राहिली. वाटी बुडाली तेव्हा तिनं टोला दिला आणि मगच धावली.

शामूच्या खोऱ्याचं पातं रवळूच्या गुडघ्यात बसलं होतं. शामू शेजारीच चिखलात मटकन बसला होता आणि म्हणत होता, "मला मारायचं न्हवतं गं काकी. मला दार उघडं धरायचं हुतं."

रवळू जगला. बेळगावच्या दवाखान्यात महिनाभर राहून आला, पण पाय काठीसारखा ताठ झाला. वैशाखातली तिथी तशीच गेली. पिरनवाडीचे लोक म्हणाले, पाय बरा होऊ दे, मग बघू. शामूला फौजदारानं बेड्या घालून नेलं. खटल्यात काय सांगायचं ते गावाचं ठरलं: शामू हावरा, शामू पाणी चोरणारा, तीन वर्षं कुरापत काढत होता. मनुबाईनंही तेच सांगायचं होतं, आणि तिला ते खोटं वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी शामूची आई अंबूबाई दारात आली. मनुबाईनं तोंड फिरवलं. अंबूबाई उंबऱ्याबाहेरच बसली.

"मनू, माज्या लेकानं तुज्या लेकाचा पाय घेतला. त्याची शिक्षा त्याला हू दे. मी सोड म्हणाय आली न्हाय."

"मग कशाला आलीस?"

"तो लबाड न्हाय गं. तीन वर्सं एकच सांगतोय. एकदा देवाची वाटी पाण्यात सोड. बरोबर बुडाली तर मी गावादेखत तुज्या पाया पडीन."

मनुबाईनं दार लावून घेतलं. पण ते शब्द घरात राहिले. चार दिवस तिला घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी अठ्ठावीस वाट्या आटोपल्यावर, देवळात कुणी नसताना, ती आपली वाटी घेऊन यल्लाप्पाकडे गेली. तो नको नको म्हणत राहिला. शेवटी तिचा चेहरा बघून उठला आणि गाभाऱ्यातून ती वाटी घेऊन आला. तेला-काजळीनं काळी झालेली. त्यानंच फडक्यानं पुसली, भोकातून फुंकर मारली. देवळामागच्या दगडी डोणीत दोघांनी दोन वाट्या एकदम सोडल्या.

मनुबाईची वाटी सोन्यासारखी चमकत होती. ती बुडाली. देवाची काळी वाटी पाण्यावर तशीच राहिली. यल्लाप्पानं एक बिडी पेटवली, ओढली आणि विझवली, तेव्हा कुठे ती खाली गेली.

पुन्हा सोडल्या. पुन्हा तेच.

मनुबाईनं दोन्ही वाट्या उजेडाकडे धरल्या. एका भोकातून उजेडाचा बारीक ठिपका येत होता. दुसऱ्यातून ज्वारीच्या दाण्याएवढा. दाभणाचा रोजचा एक पीळ. आठ वर्षं. प्रत्येकाच्या प्रत्येक वाटीतून थोडं थोडं पाणी उरत गेलं होतं आणि दिवसाच्या शेवटी सगळं गोळा होऊन तिच्या मेथीत उतरलं होतं.

"मी काय बघितलं न्हाय," यल्लाप्पा खालच्या आवाजात म्हणाला. "तू बी बघितलं न्हाईस. मनुबाई, जा घरला."

ती घरी गेली. रवळू ओसरीवर ताठ पाय पसरून बसला होता. तिनं त्याला सगळं सांगितलं. त्यानं ताठ पाय दोन्ही हातांनी उचलून जवळ ओढला. मग म्हणाला, "हे कुणाला सांगायचं न्हाय."

"शामू खरं बोलत हुता रं."

"माजा पाय गेला. आता नाव बी घालव. पिरनवाडीचे काय म्हणतील? चोराचं घर म्हणतील."

"आपण चोरलं न्हाय."

"मेथी कुणाच्या रानात वाढली?" रवळू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पंच देवळाच्या ओट्यावर बसले असताना ती दोन्ही वाट्या घेऊन गेली. यल्लाप्पा मान खाली घालून उभा राहिला, पण त्यानं अडवलं नाही. तिनं बोलण्याऐवजी वाट्याच पाण्यात सोडल्या. लोक वाकून बघत होते. तिची बुडाली, देवाची तरंगत राहिली.

मग सगळे एकदम बोलू लागले. "आठ वर्सं!" "म्हणून नवलकोल एवढं हुतं व्हय!" "भोळी दिसत हुती." एकीनं तर हात नाचवत म्हटलं, "रवळनाथ घालतोय म्हणं!" दाभणाचं तिनं दोनदा सांगितलं. काहींनी मान डोलावली, पण विश्वास ठेवला तो थोड्यांनीच. दसऱ्याला दोन्ही वाट्यांचा मेळ घालणं कुणी बंद केलं, हे मात्र त्या ओट्यावर कुणाला आठवलं नाही. आण्णाप्पा पाटलांनी पानाचा डबा उघडला आणि बंद केला.

कोर्टातही तिनं वाटीचं आणि दाभणाचं खरं तेच सांगितलं. शामूला शिक्षा झाली ती सहा महिन्यांची. एरवी वर्षं गेली असती. पिरनवाडीहून निरोप आला की मुलगी दुसरीकडे दिली. गावानं वाटी बंद केली आणि पाटलांचं खिशातलं घड्याळ आणलं. पहिल्याच आठवड्यात त्या घड्याळावरून भांडण झालं, कारण ते पाटलांच्या खिशात होतं. उरलं पाणी पाटकऱ्याला द्यायची चाल मोडली. जांभळीखालची जागा ओस पडली आणि मनुबाईचा तुकडा आषाढापर्यंत भेगाळून पडून राहिला.

वाटी गावानं तिलाच परत दिली. ती कुणाला नको होती. तिनं ती चुलीमागच्या कोनाड्यात ठेवली. तिथं धूर बसून ती काळी होत गेली. मनुबाई घरातली बाकीची भांडीही नुसती विसळून ठेवू लागली. चिंच-राखेला तिचा हात जाईना.

रवळू तिच्याशी कामापुरतं बोलायचा. पाणी दे, काठी दे. पावसाळा संपत आला तेव्हा एका संध्याकाळी तिनं त्याच्यापुढे भाकरीचं ताट ठेवलं. तो कोनाड्याकडे बघत होता.

"त्या दिशी," तो म्हणाला, "मी वरडलो, ते तुला ऐकू आलतं?"

मनुबाई परातीतलं पीठ गोळा करत होती. तिचे हात थांबले.

"आलतं."

"मग लगीच का न्हाई आलीस?"

तिनं परात बाजूला सारली. पदरानं हात पुसले, कोरडे असूनही पुन्हा पुसले.

"वाटी पाण्यात हुती रं," ती म्हणाली.

रवळूनं भाकरी मोडली. मोडलेला तुकडा त्यानं ताटातच ठेवला आणि काठी ओढून घेत तो उठायला लागला. ती हात द्यायला पुढे झाली. त्यानं तो घेतला नाही.