चिनी गुलाबाची भाजी
कळमनुरीच्या बाजारात चिवळीच्या भाजीचा ढीग दिसला की माझं डोकं आजही फिरतं. लग्नानंतर मी माहेरच्या चिनी गुलाबाची काडी आणून सासरच्या अंगणात, भर उन्हात खोचली होती. माती सुकल्यावरच पाणी द्यायचं, एवढंच आईनं सांगितलेलं. बघता बघता भिंतीची कड गुलाबी झाली. एका सकाळी, त्या दिवशीची फुलं उमलायच्या आधीच, सासूबाईंनी ती तशाच बारीक पानांची रोपं चिवळ समजून खुडली आणि फोडणीला टाकली. मी ओरडले, तर म्हणाल्या, “पालाच हाय न्हं, काहून रडून राहिली?” नवऱ्यानं ती भाजी भाकरीसोबत मिटक्या मारत खाल्ली. उरलेल्या बुडख्यांना फूट आल्यावर मी भोवती बाभळीच्या काट्या लावल्या. सासूबाई हसल्या, “भाजीला कोन काट्या लावतं?” मी म्हणाले, “भाजीला न्हाई, तुमाला लावल्या.” त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, काट्या मात्र मी दरसाल नव्या लावते.