वांग्यांवरच्या चादरी

शरयू अवसरे अकोल्याची, कृषी पदवीधर. लग्नाआधी चार वर्षं तिनं कृषी विद्यालयात शिकवलं होतं. २००३ साली नवऱ्याच्या नोकरीमुळे ती अमेरिकेत, शॉमबर्गला आली. तिच्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. शेजारची डॉरथी ऐंशीच्या घरातली; गुडघ्यांमुळे तिला वाकणं होईना. तिनं आपल्या अंगणाचा मागचा तुकडा शरयूला दिला. तिथे वांगी, मिरच्या आणि कुंपणावर दुधी आला.

२००६च्या ऑक्टोबरात एका दुपारी टीव्हीवर सांगितलं, पहाटे पारा शून्याखाली जाणार. शरयूनं गॅरेजमधून प्लास्टिक काढलं. डॉरथी काठी टेकत बाहेर आली.

"प्लास्टिक नको. टेकेल तिथलं पान मरतं. कापड घाल, पार जमिनीपर्यंत. ऊब मातीतून येते."

हे शरयूनं स्वतः वर्गात शिकवलं होतं. घाईत आठवलं नाही, याची तिला लाज वाटली. मग तिनं वाफ्यांना पाणी दिलं, कारण ओली माती ऊब धरून ठेवते. काठ्या रोवल्या, वर चादरी टाकल्या, कडांना विटा ठेवल्या. चादरी कमी पडल्या तेव्हा पडदे उतरवले.

संध्याकाळी तिचा नवरा संजीव ऑफिसातून आला आणि बेडरूममध्ये थबकला.

"अगं, गादीवरची चादरसुद्धा?"

"एक रात्र तसंच झोपू. तुझं जुनं जॅकेट दे."

"ते कशाला?"

"बियाण्याच्या दुधीला."

वेल उंच होता, तो झाकणं शक्य नव्हतं. तिनं बियाण्यासाठी राखलेला एकच दुधी जॅकेटात गुंडाळला.

सकाळी गवत पांढरं होतं. वेल उन्हं वर येईपर्यंत काळा पडला. मिरच्यांची एक रांग गेली. तिथली वीट सरकून कापड उडालं होतं. वांगी वाचली. शरयूनं चादरी काढल्या, धुवायला टाकल्या आणि चार वांगी डॉरथीला नेऊन दिली. दुधी गॅरेजमध्ये वाळला. त्यातून मूठभर बी निघालं.

पुढच्या वसंतात डॉरथी घर विकून मुलीकडे राहायला गेली. नव्या मालकांनी तिथे हिरवळ लावली. जागा शरयूची नव्हतीच. २००८ साली तिला कामाचा परवाना मिळाला आणि ती एका रोपवाटिकेत लागली. पहिल्याच शरदात तिथल्या मॅनेजरनं रोपांवर टाकायला प्लास्टिक मागवलं. शरयूनं त्याला थांबवलं.

"कापड आहे का तुमच्याकडे?" तिनं विचारलं.