दोन गावांमधले दोनशे चाळीस मैल

२००४च्या हिवाळ्यात, रेडमंडमधल्या एका छोट्या कंपनीत असताना मी अलास्कातल्या दवाखान्यांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. तिकडच्या उत्तरेच्या खेड्यांना रस्ते नाहीत, नर्स छोट्या विमानाने जाते. दोन गावांमधलं हवाई अंतर काढायचं आणि ते दोनशे मैलांच्या वर गेलं तर आठवड्याची फेरी रद्द करायची, एवढंच काम. नियम त्यांचा होता, गणित माझं.

महिन्याभरात तिथल्या एका नर्सचा फोन आला. दर गुरुवारी ती शेजारच्या गावी जायची. ‘‘तुमचा कॉम्प्युटर दोनशे चाळीस मैल म्हणतो,’’ ती म्हणाली. ‘‘दोन गुरुवार माझं विमान रद्द झालंय. बारा वर्षं मी तिथे जातेय, पाऊण तासात पोचते.’’

मी मनातल्या मनात फणफणलो. प्रोग्रॅम मी स्वतः तपासला होता. तपासला म्हणजे काय, तर पुणे-नागपूर घालून बघितलं होतं. नवीन नकाशा हाती आला की आम्ही मराठी मंडळी आधी हेच करायचो. उत्तर जरासं जास्त आलं होतं, ते मी खपवून घेतलं. पुणे-नागपूर जमलं म्हणजे जग जमलं, असं माझं ठाम मत होतं.

पण तो पाऊण तास काही डोक्यातून जाईना. घरी आल्यावर मुलीचा पृथ्वीगोल खाली काढला आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला.

‘‘बाबा, डोन्ट ब्रेक इट,’’ मुलगी म्हणाली.

ती दोन गावं गोलावर एका ठिपक्यात मावत होती. म्हणून त्यांच्या ओळीत दोन उभ्या रेघांमध्ये दोरा ताणला, मग त्याच दोन रेघांमध्ये खाली नागपूरच्या ओळीत. खाली दुपटीहून जास्त दोरा लागला. वर जाताना त्या रेघा संत्र्याच्या फोडींसारख्या जवळ येतात, हे शाळेत घोकलेलं. आणि मी, खुद्द नागपूरचा माणूस, त्या सगळीकडे सारख्याच अंतरावर धरून बसलो होतो. खरं अंतर शंभर मैलसुद्धा भरलं नाही.

दुसऱ्या दिवशी चूक सुधारली आणि तिला फोन केला. ती खूश झाली. माझी चौकशी मात्र संपेना. विमान किती सीटचं, उतरतं कशावर, वरून काय दिसतं?

‘‘काही नाही, सगळं पांढरं,’’ ती म्हणाली. ‘‘मग धावपट्टीच्या कडेला एक आजोबा दिसतात. पायाची जखम बांधून घ्यायला थांबलेले असतात. फेरी रद्द झाल्याचं त्यांना कळवलं होतं. तरी दोन्ही गुरुवारी ते येऊन उभे राहिले.’’

इतक्या चौकशा करणारा मी. जखम आता कशी आहे, एवढं विचारायला मात्र माझी जीभ रेटली नाही.