घोडी माह्या माहेरी चालली

घोडी माहेरी चालली होती. माह्या माहेरी. मी नाई, घोडी.

आमचे हे दुर्गच्या टेसनावर टांगा चालवत. प्लांटाचं काम सुरू झालं तवा ठेकेदार, बाबू, साहेब, जो कोनी रेल्वेतून उतरे तो टांग्यानंच भिलाईले येत होता, रस्ताच तसा होता, नुसता मुरूम, पावसाळ्यात चाक रुतून बसे. मग बसा आल्या, ठेकेदारायच्या जीपा आल्या आनि टांग्यात बसाले कोनी राहिलं नाई. यायनं मोठ्या मुश्किलीनं प्लांटात खलाशाचं, म्हंजे ओझं उचलाच्या मजुराचं, काम मिळवलं. हजर व्हाचा दिवस सांगून देला होता, सकाळी गेटावर उभं राहाचं, नाई आला तं मागच्याले बोलावतीन. आनि मागं काय कमी होते काय? उडिया, बिहारी, तेलगू, आपले भंडाऱ्याकडले, सारे त्याच गेटावर.

टांगा गेला विकून, घोडी राहिली. मजुरायच्या कॅम्पात आमाले टिनाची एकच खोली, तिच्यात हे, मी, सासू आनि आंगावर पेनारी माही पोरगी. घोडी भाईर टिनाले टेकून उभी राहे आनि लाता मारे, धाडकन आवाज झाला की पोरगी झोपेतून दचकून उठे. शेजारचे रोज भांडत. विटाभट्टीवाला मांगून राहिला होता घोडी, पन हे म्हनत, भट्टीवर जनावर वर्ष काढत नाई, मी तिले मराले नाई देत. मग यायनंच ठरवलं, साकोलीकडं माह्या बापाच्या घरी पाठवू, तिथं तनस हाय, गोठा हाय.

मले कोनी विचारलं नाई. मी पोरगी झाल्यापासून माहेर पाह्यलं नव्हतं. गोष्ट काढली की सासू म्हने, "मग घर कोन पाहीन?" हे म्हनत, "पाहू ना, जाशील." आनि घोडीचं एका रातीत ठरलं.

ट्रक यायच्या टांगा-स्टँडवरच्या वळखीचा होता. पंजाबी ड्रायवर, नागपूरहून सळाका घेऊन आलता आनि रिकामा वापस चालला होता. आज तो जानार, उद्या यायची हजेरी. सकाळी सकाळी ट्रक मुरमाच्या ढिगाले मागून लावला, मागचा फाळका पाडला, ढिगावरून ट्रकात दोन रुंद फळ्या टाकल्या. हे घोडीले म्हनत होते, "चाल माही माय, चाल." मले लग्नापासून कधी असं म्हटलं नाई त्यायनं.

घोडी गेली असती. मी सांगते ना, गेली असती. पहिला पाय फळीवर ठेवलाच होता तिनं. तेवढ्यात सासू आरतीचं ताट घेऊन आली.

"थांब रे! लेक अशी जाते काय घरून, कोरडी?"

आमच्यात लेक सासरी निघाली का तिचे पाय धुतात, कुकू लावतात, ओटी भरतात. सासूच्या मनानं घोडी म्हंजे लेक. घोडीच्या कमाईवर घर चाललं, म्हने, सून तं काल आली. तिनं फळीलेच उंबरठा केला. लोटाभर पानी घोडीच्या खुरावर ओतलं, मग अजून एक लोटा दुसऱ्या पायावर. डोळ्याची झापडं काढाले लावली, म्हने कुकू कुठी लावू. नारळ आनि तांदूळ फडक्यात बांधून घोडीच्या गळ्यात ओटी. मी पोरगी कमरेवर घेऊन बाजूले उभी राहून पाहून राहिली. माह्या ओटीत निघताना या बाईनं मूठभर तांदूळ टाकले नाईत कधी, टाकाले मले आधी निघू तं द्याचं! आनि जनावराच्या गळ्यात नारळ.

"झालं, आता जा माय, सुखानं," सासू म्हनली आनि डोळे पुसले.

घोडी चढाले गेली आनि लोखंडी नाल वल्या फळीवर सर्रकन घसरला. दोनी गुडघ्यावर पडली. ओरडली अशी का माही पोरगी पोटाले चिकटून रडाले लागली. उठली आनि मागं सरली ते सरलीच, लगामासंग हेही ओढले गेले पार ढिगाखाली. गुडघ्यातून रक्त. गळ्यातला नारळ इकडून तिकडं हिंदकळून तिच्या छातीवर बसे आनि ती अजून बिचके.

मग सारा कॅम्प जमा झाला. फुकटचा तमाशा, कोन सोडते? एक जन म्हने मागून काठी लावा, एक म्हने शेपूट पिरगळा. दोन मानसं दोर घेऊन पुठ्ठ्यामागून आडवा धरून ओढाले लागले, घोडीनं लात झाडली, दोघंही मुरमात. प्लांटात क्रेनवर काम करनारा एक मिशीवाला होता, तो खी खी हसत म्हने, "भाऊ, आमच्या क्रेनखाली आना, पोटाले पट्टा बांधतो आनि उचलून ठेवतो. बॉयलर चढवला, घोडी काय चीज हाय!"

"तुह्या मायले चढव पयले," हे म्हनले. हे कधी शिव्या देत नाई.

शेजारची छत्तीसगढी बाई म्हने, "नइ चढ़य गा, डर्रा गे हे." भेली हाय, नाई चढत आता.

ड्रायवर हॉर्न वाजवून राहिला. "ओ भाई साब, घोड़ी चढ़ाओ या मुझे छोड़ो! मेरेको आज नागपूर लगना है, दिन इधरीच निकल गया!"

आनि सासू काय म्हनली असन? माह्याकडं पाहून म्हनली, "काळ्या पायाची समोर उभी हाय, मग कशी चढन? सरक तिकडं."

मी सरकली. डोक्यात जाळ झाला. पानी कोनं ओतलं? मी? झापडं कोनं काढली? मी?

मग हे लगाम हातात धरून शांतपने म्हनले, "जाऊ दे ट्रक. मी पायी नेतो."

मले पयले समजलंच नाई. "कुठी नेता जी?"

"तुह्या बापाच्या घरी. रस्त्यानं."

"आनि उद्या?"

हे घोडीच्या गुडघ्यावरून हात फिरवून राहिले. मले ते दिसलं, तो हात. साकोली पायी म्हंजे किती दिवस, देवाले माहीत. उद्या गेटावर कोन उभं राहीन? मी लेकरू घेऊन? नाव मागच्याले जाईन, मग खोली जाईन, मग आमी तिघी बायका मुरमात बसू काय? टांगा नाई, काम नाई, एक लंगडी घोडी. माह्या पोरीच्या वाट्यालेही हेच, सकाळी उठून दुसऱ्याच्या दारी पीठ मांगनं?

"तुमी वेडे झाले काय?" मी बोलली. लोकायसमोर, सासूसमोर. "जनावरासाठी आमाले मारता? लगाम सोडा तिचा!"

"तू गप बस."

"नाई बसत गप!"

घरात गेली. चुलीतली सारी राख टोपलीत ओढली, पोरगी एका कमरेवर, टोपली दुसऱ्या कमरेवर. फळीवर चढली तं घोडी बाजूलेच होती, आनि मी त्या घोडीले भेते, खरं सांगते, पोटुशी होती तवा माह्या दंडाले चावली होती, दाताचा वन अजून हाय दंडावर. तिचे कान मागं गेलेले, डोळे पांढरे. तरी राख ओतली, फळीवर सारी पसरवली, पायानं घासली, वल्यावर राख, वर मुरूम, जवापर्यंत पाय घसरे तवापर्यंत घासली. राखेनं पोरगी खोकलून राहिली, मी खोकलून राहिली, खाली लोक हसून राहिले.

"अवं, साडी पाय तुही!" सासू ओरडली.

"राहू द्या साडी! झापडं लावा तिले, आनि तो नारळ काढा गळ्यातून!"

यायनं लावली झापडं. का माहीत नाई, पन लावली. नारळ सोडला.

घोडी फळीपर्यंत आली आनि पुन्हा खुंट्यासारखी उभी. मी ट्रकात, आतल्या कोपऱ्यात, तिथी तनस टाकलं होतं. उतराचं कसं? वाटेत घोडी उभी. पोरगी दूध मांगून छातीशी झटून राहिली. मी धपकन बसली तनसावर, ट्रकाच्या पाटीले पाठ टेकून, आनि पोरीले पदराखाली घेतलं. रडू येऊन राहिलं होतं, पन मी रडली नाई. मी म्हटलं जा, चुलीत जा सारे.

टेसनावर यायची एक सवय होती. सवारी टांग्यात चढली, गठुडं ठेवलं, लेकरं सावरली, का हे मागं न पाह्यता विचारत, "बसली काय सवारी?" मागून कोनीतरी म्हने, "बसली." मग घोडी निघे. चाबूक नाई, लगामाचा झटका नाई. सवारी बसल्याबिगर ते जनावर पाऊल उचलत नव्हतं, आनि बसली म्हटलं का थांबत नव्हतं. इतकी वर्षं तेच.

यायनं तवा काई इचार करून विचारलं नाई. दमले होते, तोंडातून निघून गेलं असन.

"बसली काय?"

"बसली!" मी ओरडली. इतक्या रागानं ओरडली का पोरीनं दूध सोडलं. "बसली, बसली! तुमीच बसवली मले इथी!"

घोडीचा कान फिरला. मग फळीवर टाप वाजली. दुसरी वाजली. हे बाजूनं चालत, आनि ती राखेवरून खटखट करत सरळ आत, माह्यापर्यंत, तिचं गरम नाक माह्या डोक्याच्या वर. मी पोरीवर वाकली आनि डोळे मिटून घेतले. चावनार, म्हटलं, आता चावनार. चावली नाई. तनस खाऊ लागली.

खाली लोकायनं टाळ्या वाजवल्या. ड्रायवरनं झटकन फाळका उचलाले घेतला.

"थांबा," हे म्हनले, "बाई उतरू द्या."

मी उठाले गेली. उठली तशी घोडी मागं सरकली, पाय झाडाले लागली, फाळक्याची पट्टी वाजली. बसली तं शांत. पुन्हा उठून पाह्यलं, पुन्हा तेच.

ड्रायवर हसाले लागला. "भाभी उतरी तो घोड़ी उतरी. बैठने दो ना भाभी को."

सासू खाली उभी, हातात सोडलेला नारळ. "अवं, अशी कशी जाशील? बिना ओटीची? आंगावर राख, लेकराचे कपडे नाई! आनि माह्या पोराले डबा कोन देईन उद्या?"

"तुमी द्या," मी म्हटलं.

हे फाळक्याजवळ आले. काईतरी बोलतीन वाटलं मले. घोडीच्या गुडघ्याकडं पाह्यलं, मग माह्याकडं. म्हनले, "गुडघ्याले हळद लावजो तिच्या." मग खोलीतून पळत जाऊन पोरीची गोधडी आनि एक लुगडं आनलं, वर फेकलं. "मी उद्या जातो गेटावर," म्हनले. "तू काळजी नको करू." मले तवा काळजी नव्हती. राग होता. तो पार राजनांदगाव येईपर्यंत होता, मग देवरीच्या जंगलात भेव लागलं तं अर्धा झाला, साकोली आली तवा पुन्हा पुरा झाला.

काम लागलं यायचं, दुसऱ्याच दिवशी हजेरी झाली, हे मले लय मागून कळलं. त्या दिवशी काई माहीत नव्हतं.

दिवस उतरता ट्रक गावात शिरला. साऱ्या आंगाचा भुगा झालता, पोरगी धुळीनं लाल, मी राखेनं पांढरी. ड्रायवरनं पांदीच्या उंच बांधाले ट्रक मागून लावला, फाळका पाडला. बाप धावत आला, मागून भाऊ. दोघायले निरोप होता घोडीचा. बापानं पयले काय पाहावं? गुडघे.

"हे कोनं फोडले रे?" ड्रायवरले विचारलं. मी अंधारात तनसावर बसून. दिसलीच नाई त्याले, का दिसून नाई दिसली, मले माहीत नाई. भावानं लगाम धरला आनि ओढाले लागला. घोडी हाले नाई. बापानं मागून थोपटलं, चुचकारलं. हाले नाई.

"अडेल दिसते लेकाची," भाऊ म्हनला.

"अडेल नाई ते," मी आतून म्हटलं. आवाज असा निघाला का मलेच वळखू आला नाई. "सवारी उतरल्याबिगर उतरत नाई. पयले मले उतरवा."

बापानं वाकून आत पाह्यलं. मी पोरगी समोर केली, मग हात.