मयताची सही

चहाच्या टपरीवर कोणी सरकारवरचा विनोद सांगितला की बाकीचे हसायचे आणि नाना विचारायचे, "मूळ कुठलं?"

सांगणारा गांगरायचा. मोबाइलवर आला, म्हणायचा. मग नाना ग्लास खाली ठेवून निकाल द्यायचे, "याला सातबारा नाही. पुढचा घ्या."

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची ही गोष्ट. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाना असते तर मूळ लपवलं म्हणून माझ्यावर रागावले असते. ते तिथल्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. मी धुळ्याचा. मास्तरकीच्या निमित्ताने त्या गावी गेलो आणि कचेरीसमोरच्या टपरीवर त्यांच्या तावडीत सापडलो.

उभा जन्म त्यांनी जमिनींचे फेरफार तपासले होते. कोणाचं शेत कोणाकडून कोणाकडे आलं, हे त्यांना आपल्या नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा चांगलं पाठ. निवृत्तीनंतर जमिनी हातातून गेल्या तेव्हा त्यांनी तोच कारभार विनोदांवर सुरू केला. सरकारवरची प्रत्येक गंमत कधीतरी एका खऱ्या माणसावर गुदरलेली असते, असं त्यांचं ठाम मत. तो माणूस सापडेपर्यंत हसायचं म्हणजे कागद न वाचता शिक्का मारायचा.

आता हेच बघा. आमच्याकडे सुरू होऊन अडकलेल्या कुठल्याही कामाला 'भूमिपूजन झालं' म्हणतात. पोराचं लग्न ठरत नसलं तरी म्हणतात. त्यामागची हकिकत लोक अशी सांगायचे की एका नाल्यावरच्या पुलाचं तीन पुढाऱ्यांनी तीनदा भूमिपूजन केलं. पूल काही झाला नाही, पण तीन कोनशिला जमल्या आणि लोक त्यांच्यावर पाय ठेवून नाला ओलांडायला लागले. आम्ही पोट धरून हसलो. नाना दुसऱ्या दिवशी एसटीने त्या नाल्यावर जाऊन आले. "कोनशिला दोनच आहेत," त्यांनी टपरीवर जाहीर केलं. "तिसरी लोकांनी मागाहून चढवली. आणि पाय ओले होतात." त्यांची चप्पल खरोखरच ओली होती.

अशा माणसाचा तुम्हाला कंटाळा आला असता. मलाही यायचा. पण त्यांच्याशिवाय चहा गोड लागत नव्हता, हेही खरं. शिवाय ते माणूस म्हणून सरळ. कचेरीत इतकी वर्षं काढून त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता आणि तो ते आठवड्यातून दोनदा तरी बोलून दाखवायचे, "माझ्या टेबलावरून कोणी हात हलवत परत गेलं नाही, मास्तर." आणि ते कोणी खोडून काढायचं नाही, कारण त्यांनी खरंच खूप जणांची कामं केली होती.

आमचं भांडण जुंपलं ते 'मयताची सही आणा' यावरून. अशक्य काहीतरी मागणाऱ्याला आमच्या भागात असं म्हणतात. बायको सोन्याच्या बांगड्या मागते तेव्हा नवरा म्हणतो, मयताची सही आणू का? गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: एक बाई नवरा गेल्यावर शेतावर नाव लावायला कचेरीत जाते आणि कारकून म्हणतो, नवऱ्याची सही आणा. मी म्हटलं, ही आमच्या धुळ्याची गोष्ट, मी लहानपणापासून ऐकतोय. नाना खवळले. इतका जातिवंत विनोद धुळ्याचा असूच शकत नाही, म्हणाले. मी म्हटलं, मूर्ख कारकुनांत धुळे जिल्हा जळगावच्या मागे नाही. इथपर्यंत आल्यावर शोध घेणं भागच होतं.

महिनाभर ते या एकाच कामाला लागले. एका निवृत्त शिपायाने ती गोष्ट एसटीच्या एका जुन्या ड्रायव्हरकडून ऐकली होती. तो ड्रायव्हर पारोळ्यात सापडला. त्याने गाडीत बसलेल्या बायकांकडून ऐकली होती आणि त्या कोणत्या थांब्यावर उतरल्या हेही त्याला आठवत होतं. आमच्याच तालुक्यातलं गाव निघालं. नाना इतके खूश झाले की त्या दिवशी चहाचे पैसे त्यांनी दिले. "धुळेकर, चला," मला म्हणाले. "तुमच्या देखत पंचनामा करू."

रविवारी सकाळी त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी निघालो. गावात विचारलं तर लोकांनी लगेच घर दाखवलं. ऐंशीच्या घरातल्या एक अक्का ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. आम्ही कशासाठी आलोय ते कळल्यावर त्यांनी पदर सावरला आणि गोष्ट अशी रंगवून सांगितली की शेजारच्या दोघी कामं टाकून येऊन बसल्या.

"म्हने, खातेदारनी सही लागस. मी सांगं, साहेब, त्या तं मरी गयात. म्हने, ते ठीक शे, पन सही तं लागसच."

कारकुनाची नक्कलही केली त्यांनी. जवळचा वर्तमानपत्राचा कागद उचलला, त्याच्या कडा गुडघ्यावर दोनदा ठोकून सारख्या केल्या, अंगठा ओला केला आणि मान न उचलता म्हणाल्या, सही लागसच. शेजारणी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. मला हसू आलं नाही. कागदाच्या कडा ठोकायची ती तऱ्हा मी रोज सकाळी टपरीवर बघत होतो.

नानांनी हळूच विचारलं, तो अर्ज आहे का अजून? अक्कांनी नातसुनेला हाक मारून पत्र्याच्या पेटीतून तो काढवला. नानांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला. अर्ज वाटणीचा होता. वाटणीच्या अर्जावर खातेदाराची सही लागते, वारसाच्या अर्जावर लागत नाही. म्हणजे खिडकीवरच्या तरुण कारकुनाने बाईला चुकीचा कागद दिला होता आणि त्या कागदावरची रिकामी जागा भरून मागितली होती. वर कोपऱ्यात त्याची बारीक सही होती.

मग तुम्ही काय केलं, नानांनी विचारलं.

"पहिले रडनी," अक्का म्हणाल्या. "मंग गाडीमा बाया इचारे लागन्यात, त्यासले सांगं. त्या हासन्यात, मंग माले बी हासू उनं."

मी नानांना डोळ्यांनी खुणावलं, निघू या. कोणाला काही कळलं नव्हतं. कळायचं कारणही नव्हतं. गोष्ट जळगाव जिल्ह्याची ठरली होती, वाद ते जिंकले होते. पण नाना उठले नाहीत. अर्जाची घडी पुन्हा जशीच्या तशी घालत त्यांनी सांगून टाकलं, "अक्का, चुकीना अर्ज दिन्हा तुमले. तो कारकून मीच शे."

अक्कांनी हातातली शेंग खाली ठेवली. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मंग आते तरी करी दे ना, भाऊ," अक्का म्हणाल्या. "ते काम आजून व्हयेल नही."

खरंच झालं नव्हतं. त्या कचेरीची पायरी पुन्हा चढायची नाही असं बाईंनी ठरवलं होतं. दीर शेत कसत होता, मग मुलं कसायला लागली, पण सातबाऱ्यावर अजून मयत नवराच होता.

परत येताना मी दोनदा मागे वळून पाहिलं, नाना आहेत की पडले म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फेऱ्या सुरू केल्या. सुरुवातीला मोठ्या ऐटीत गेले. आपलीच कचेरी, हाताखाली शिकवलेली माणसं. सगळ्यांनी उठून नमस्कार केला, चहा पाजला आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा चहा. मृत्यूचा दाखला काढायला गेले तर ग्रामपंचायतीचं जुनं रजिस्टर वाळवीने खाल्लेलं. तो कसाबसा उभा केला तर सर्व्हर बंद. "मास्तर, पूर्वी लोकांना आम्ही तरी दिसायचो," एकदा मला म्हणाले. "आता चिडायचं कोणावर?"

एकदा मीही बरोबर होतो. संगणकावरच्या पोराने अर्ज भरता भरता विचारलं, खातेदाराचा मोबाइल नंबर सांगा. नाना म्हणाले, खातेदार वारले. पोरगा म्हणाला, ते बरोबर आहे आजोबा, पण नंबर टाकल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. तो माणूस गेला तेव्हा अख्ख्या गावात एकही फोन नव्हता. नानांनी त्या पोराकडे पाहिलं आणि ते हसायला लागले. मूळ न विचारता हसलेले नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. चष्मा काढून डोळे पुसत इतके हसले की घाबरून पोराने पाणी आणून दिलं आणि स्वतःचाच नंबर टाकून मोकळा झाला.

आठ महिन्यांनी अक्कांचं नाव लागलं. उतारा त्यांच्या हातात देऊन नाना टपरीवर आले आणि जन्मात पहिल्यांदाच त्यांनी स्वतः विनोद सांगितला. इतका वाईट सांगितलेला विनोद मी ऐकलेला नाही. सुरुवात अर्जाच्या नमुन्यापासून केली, वाटणी आणि वारस यांतला फरक समजावला आणि शेवटी कारकून म्हणून स्वतःचं नाव घेतलं. सगळे चहाच्या ग्लासात बघत बसले.

"मूळ सापडलं," नाना म्हणाले. "आता हसायला हरकत नाही."

तेव्हा कुठे हसू फुटलं आणि मग ते आवरेना. नानाही आमच्यात हसत होते. आपल्या टेबलाचा तो अभिमान मात्र त्यांनी पुन्हा कधी बोलून दाखवला नाही, आणि मला ते जाणवत राहिलं. गेल्या हिवाळ्यात ते गेले.

परवा एसटीने धुळ्याहून जळगावला येत होतो. शेजारी नंदुरबारकडचा एक जण बसला होता; मी मास्तर आहे हे त्याने आधीच काढून घेतलं होतं. बोलता बोलता त्याने मयताची सही सांगितली, त्याच्याच तालुक्यात घडलेली म्हणून. मला राहवलं नाही. मी त्याला पूर्ण हकिकत सांगितली, कारकून बाईच्या ओट्यावर जाऊन चूक कबूल करतो आणि आठ महिने खेटे घालून काम करून देतो, तिथपर्यंत.

आतापर्यंत गंभीरपणे ऐकत होता तो, माना डोलवत. शेवट ऐकला आणि मांडीवर थाप मारून मोठ्याने हसला.

"पहिली गोट खरी शे," तो म्हणाला. "पन हाई पुढलं तुमीच जोडं ना, मास्तर?"