टाकीचा भोंगा

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. तेवढ्या जोरावर वडीलधाऱ्या माणसाबद्दल लिहायला बसलोय, म्हणून आधीच माफी मागतो.

डोंबिवलीत आमच्या शेजारचे काका हौसेनं सर्किटं बनवतात. बॅटरी ते जिभेला लावून बघतात आणि चव घेतल्यासारखं म्हणतात, "आहे, जीव आहे." बिल्डिंगची टाकी भरली की वाजणारा भोंगा त्यांनीच बनवून वरच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींच्या दाराबाहेर बसवला. पण दुपारी तो वाजायचाच नाही आणि गच्चीवर पाणी वाहायचं. संध्याकाळी तपासायला जावं, तर खणखणीत वाजायचा. काकांनी ट्रान्झिस्टर बदलला, सोल्डरिंग पुन्हा केलं, शेवटी अख्खं सर्किट नव्यानं आखलं.

परवा ते पक्कड घेऊन वर गेले. मी मागे होतो. काका म्हणाले, "काढूनच टाकतो. मला नाही जमत हे."

आजी दारात आल्या. "अरे, कशाला काढतोस? चांगला वाजतो की. म्हणून तर दुपारी झोपताना मी वायर उपटून ठेवते, उठले की परत लावते."

काकांचा चेहरा हळूहळू उजळला. "म्हणजे सर्किट पहिलंच बरोबर होतं?"

मग दारोदार जाऊन त्यांनी ही बातमी सांगितली. त्यांच्याखेरीज ती सगळ्यांनाच माहीत होती.